उपयोजित अर्थसंशोधन, विकसनशील देशांतील

विकसनशील देशांतील कुटुंबे, शेती, बाजार आणि सरकारी योजना यांची प्रत्यक्ष माहिती गोळा करून धोरणविषयक प्रश्नांची उत्तरे शोधणारी अर्थशास्त्राची शाखा. श्रीमंत देशांत प्राप्तिकराच्या आणि पगाराच्या नोंदी संशोधकाच्या हाताशी असतात. जेथे बहुसंख्य लोक शेतीवर किंवा रोजंदारीवर जगतात, तेथे उत्पन्नाचा कागदच नसतो. म्हणून आधी आकडा मिळवावा लागतो, आणि या शाखेतील मोठे वाद त्या आकड्याभोवतीच झाले आहेत.

आरंभाबद्दल एकमत नाही. पुष्कळ अभ्यासक अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांच्या १९५४ मधील अतिरिक्त श्रमाच्या (शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसे राबत असतात, या) मांडणीपासून सुरुवात करतात. तथापि हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर येथे केलेली, जमिनीचे तुकडे व कर्जबाजारीपणा यांची पाहणी १९१७ मध्येच प्रसिद्ध झाली होती. लुईस यांचे काम मुख्यतः सैद्धांतिक असल्याने, पद्धतीच्या दृष्टीने गावपाहण्यांकडे अग्रमान जातो.

देशव्यापी नमुना पाहणीचा, म्हणजे निवडक कुटुंबांना विचारून साऱ्या देशाचा अंदाज बांधण्याचा, पाया संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी घातला. भारतातील राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी १९५० मध्ये सुरू झाली. ‘गेल्या किती दिवसांतला खर्च विचारायचा?’ हा तेव्हाचा कळीचा प्रश्न होता. आठवड्याचा विचारला तर त्याआधीची खरेदीही त्यात सरकते. महिन्याचा विचारला तर काही विसरले जाते. धान्य प्रत्यक्ष तोलून केलेल्या तुलनेवरून महिन्याचा संदर्भकाल स्वीकारला गेला. प्रगणकासमोर बसलेली गृहिणी डाळ मापट्यांत सांगते, तेल बाटलीत, आणि प्रगणक ते किलो-लिटरमध्ये लिहितो. चूक इथूनच शिरते.

संदर्भकालाचा हा तपशील वरवर क्षुल्लक वाटतो, पण याच पाहणीच्या १९९९-२००० मधील ५५ व्या फेरीत त्याने साऱ्या देशाचा दारिद्र्याचा आकडा हलवला. अन्नपदार्थांसाठी ७ आणि ३० दिवसांचे प्रश्न एकाच कुटुंबाला, शेजारशेजारच्या रकान्यांत विचारले गेले. माणूस स्वाभाविकपणे दोन उत्तरे एकमेकांशी जुळवून घेतो, त्यामुळे ३० दिवसांचा आकडा फुगला, असे मानले जाते. शिवाय कपडे, शिक्षण, टिकाऊ वस्तू यांसाठी फक्त वर्षभराचा प्रश्न ठेवला गेला. त्याने गरीब कुटुंबांचा नोंदलेला खर्च वाढतो, आणि दारिद्र्य खर्चावरून मोजले जात असल्याने ते कमी दिसते. अधिकृत दारिद्र्य १९९३-९४ मधील सुमारे ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले. ही घट खरी किती, यावर अँगस डीटन, अभिजित सेन आदी अर्थशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या दुरुस्त्या सुचवल्या. सेन यांच्या मते ती बरीच कमी होती. डीटन यांच्या हिशेबात घट टिकते, पण अधिकृत आकड्याइतकी नाही. डीटन यांची पद्धत १९९३-९४ आणि १९९९-२००० च्या दोन्ही फेऱ्यांत सारख्याच विचारलेल्या बाबींवर उभी असल्याने ती अधिक भरवशाची वाटते.

दीर्घकाळ एकाच गावात राहून केलेल्या अभ्यासांत इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेच्या पाहण्या ठळक आहेत. १९७५ पासून महबूबनगर, सोलापूर आणि अकोला जिल्ह्यांतील सहा गावांत, प्रत्येकी चाळीस कुटुंबांची माहिती तेथेच मुक्काम केलेल्या अन्वेषकांनी दर काही आठवड्यांनी नोंदवली. त्याच नोंदींतून अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये दाखवले, की घरचे उत्पन्न वर-खाली होते तितका खर्च होत नाही. गाव आपापसांत बराचसा धोका वाटून घेते. मात्र भूमिहीनांना हा आधार तितका मिळत नाही.

१९९० च्या दशकापासून यादृच्छिक चाचण्यांना, म्हणजे योजना कोणाला आधी द्यायची हे सोडतीने ठरवून दोन्ही गटांची तुलना करण्याला, वेग आला. मेक्सिकोत १९९७ मध्ये सुरू झालेल्या प्रोग्रेसा या गरीब कुटुंबांना रोख मदत देणाऱ्या योजनेत अभ्यासासाठीच्या ५०६ गावांपैकी ३२० गावांना मदत आधी दिली गेली. केनियातील ७५ शाळांमधील जंतनाशकांच्या चाचणीची २०१५ मध्ये फेरतपासणी झाली. औषध न दिलेल्या दूरच्या शाळांनाही संसर्ग घटल्याने लाभ होतो हा दावा त्यात कमकुवत ठरला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना या प्रयोगपद्धतीसाठी २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. एका जागी लागू पडलेला निष्कर्ष दुसऱ्या जागी लागू पडेलच असे नाही, हा या पद्धतीवरील मुख्य आक्षेप.

२०२२-२३ च्या भारतीय खर्च पाहणीत प्रश्नावलीचे तीन भाग करून महिन्याच्या अंतराने तीन भेटी दिल्या गेल्या. त्यामुळे २०११-१२ च्या आकड्यांशी थेट तुलना करता येत नाही.