ग्रास कटर चालू होत नाहीये? आधी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून बघा

श्रावण लागला की आमच्याकडे कोकणात सकाळपासून चहूबाजूंनी एकच आवाज असतो, गवत कापायच्या मशीनचा. आंबा-काजूच्या बागांमधे गवत कमरेएवढं झालेलं असतं, बेणणीला माणसं मिळत नाहीत, त्यामुळे आता जवळजवळ प्रत्येक बागवाल्याकडे ग्रास कटर आहेच. आणि दरवर्षी याच दिवसांत गॅरेजबाहेर या मशीनांची रांग लागते. तक्रार सगळ्यांची सारखी, दिवाळीत झकास चालत होतं, पुसून नीट पडवीत टांगून ठेवलं, आता काढलं तर चालूच होत नाही.

माझ्याही मशीनचं गेल्या वर्षी हेच झालं. चाळीसेक वेळा दोरी ओढली, खांदा भरून आला, शेवटी गॅरेजला नेलं, तिथे नवा प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा) घालून दिला, घरी आल्यावर पुन्हा तेच, मग म्हणाले आता कार्बोरेटरच (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) बदलावा लागेल. मला ते काही पटेना. नऊ महिने भिंतीला टांगलेल्या मशीनचं झिजणार काय? मग डोक्यात आलं की मशीन जरी गप्प टांगलेलं असलं तरी त्याच्या पोटातली एक वस्तू रोज थोडी थोडी बदलत होती, ती म्हणजे अर्धी टाकी पेट्रोल.

ते पेट्रोल मी अंगणात मोकळ्यावर एका स्वच्छ काचेच्या बाटलीत ओतलं आणि पायरीवर दहा मिनिटं ठेवून दिलं. बाटलीत सरळ दोन थर दिसायला लागले. वरचा थर हिरवट, म्हणजे आपण पेट्रोलात वंगणाचं टू-टी ऑइल घालतो त्याच्या रंगाचा, आणि खाली बोटभर फिकट, गढूळसर पाणी असावं तसा थर, मधे एकदम स्पष्ट रेघ. बाटली हलवली की दोन्ही मिसळल्यासारखे व्हायचे आणि पाच मिनिटांत परत वेगळे. मशीनचं दुखणं तिथे बाटलीत उभं होतं.

हे समजायला पेट्रोल म्हणजे काय ते थोडं बघावं लागेल. पेट्रोल हा एक पदार्थ नाही, ते शेकडो हायड्रोकार्बन्सचं मिश्रण आहे. काही इतके हलके की पेंटेनसारखे ३६ अंशांनाच उकळतात, काही जड, ज्यांना उकळायला २०० अंशांच्या आसपास जावं लागतं. इंजिनात पेटते ती वाफ, पातळ पेट्रोल पेटत नाही, आणि इंजिन गार असताना वाफ देतात ते हे हलके भाग. टांगलेल्या टाकीतून महिनोन् महिने नेमके तेच उडून जातात. उरतं ते जड पेट्रोल, काडी लावली तर पेटेल (लावू नका), पण गार सिलिंडरमधे पुरेशी वाफ देणार नाही. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड टक्का ते साडेसात टक्के यांच्या मधे असेल तरच ती पेटते, त्याच्या खाली ठिणगी पडली तरी काही होत नाही आणि वर गेली तरी होत नाही. चोक ओढतो तो याचसाठी. हवा अडवली की आत ओढ जास्त बसते, पेट्रोल जास्त येतं, आणि जास्त पेट्रोलातून निदान पुरेशी वाफ तरी मिळते.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते ही मोठी. आपल्या पंपावर मिळतं ते निव्वळ पेट्रोल राहिलेलं नाही, त्यात इथेनॉल आहे. २०२२ मधे देशात सरासरी १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला, २०२३ पासून २० टक्केवालं पंपावर यायला लागलं आणि आता तेच सर्रास मिळतं. आपल्या महाराष्ट्राला तर हे अगदी जवळचं आहे, उसाच्या मळीपासून आणि रसापासून हे इथेनॉल आपलेच साखर कारखाने बनवतात. इथेनॉलबद्दल माझी तक्रार नाही. रोज चालणाऱ्या गाडीत भरलेलं पेट्रोल आठवड्या-दोन आठवड्यांत संपतं, तिथे जे पुढे सांगतोय ते व्हायला वेळच मिळत नाही. ग्रास कटरची गोष्ट वेगळी, तो वर्षातले दोन-तीन महिने चालतो आणि बाकी दिवस टांगलेला.

इथेनॉलला पाण्याची ओढ असते. पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे, पण इथेनॉलचं दोघांशीही जमतं. टाकीत थोडंसं पाणी आलं, कॅनच्या तळाला राहिलेलं असेल, पावसात झाकण उघडून भरताना चार थेंब पडले असतील, दमट हवेतलं हळूहळू आत गेलं असेल, तर ते इथेनॉल स्वतःत धरून ठेवतं आणि वरून काही कळत नाही. पण धरण्याला मर्यादा आहे. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात ही मर्यादा साधारण अर्धा टक्का, म्हणजे लिटरला ५ मिली, चहाचा एक छोटा चमचा! २० टक्केवालं थोडं जास्त धरतं, पण फुटलं, म्हणजे दोन थर झाले, की खाली बसणारा थरही तेवढाच मोठा असतो. आणि गारठा वाढला की ही मर्यादा कमी होते, त्यामुळे दुपारी एकजीव दिसणारं पेट्रोल पहाटेच्या गारव्यात फुटू शकतं. एकदा मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर जातं, दोघं मिळून तळाला बसतात.

आणि आपल्या मशीनची पेट्रोल प्यायची नळी कुठे असते? टाकीच्या तळाला. तिच्या टोकाला छोटा जड फिल्टर असतो, मशीन कसंही वाकडं केलं तरी तो जिकडे पेट्रोल तिकडे लोळत जातो, म्हणून बांधावर आडवं धरूनही मशीन चालतं. हीच सोय इथे उलटी पडते, कारण तो फिल्टर बरोब्बर त्या खालच्या थरात जाऊन पडतो आणि कार्बोरेटरला इथेनॉल-पाणी पाजत राहतो. बरं, यदाकदाचित इंजिन त्यावर चालू झालंच तर आणखी वाईट. या मशीनच्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणासाठी वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलात मिसळलेलं तेच पिस्टन, रिंगा, बेअरिंगला मिळतं, आणि ऑइल राहतं वरच्या थरात पेट्रोलबरोबर. खालचा थर म्हणजे जवळपास कोरडा! अशाने पिस्टन ओरखडतो, कधी जाम होतो, मग खर्च नव्या मशीनच्या जवळ जातो. म्हणून कळकळीने सांगतो, जुनं पेट्रोल असेल तर दोरीवर जोर काढू नका, आधी टाकी रिकामी करा.

ज्यांना आपल्या पंपावरच्या पेट्रोलात इथेनॉल किती हे बघायचंय त्यांना एक सोपा प्रयोग आहे. मिलीच्या खुणा असलेली काचेची उभी नळी घ्या, ८० मिली ताजं पेट्रोल, ऑइल न घातलेलं, त्यात २० मिली पाणी, तोंड बंद करून हलवा आणि ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर २० चा ३५ च्या आसपास होतो, वाढलेले १५ मिली म्हणजे ८० मिलीतलं इथेनॉल, २० टक्क्यांच्या जवळ. हे उघड्यावरच करायचं, आसपास चूल, विडी, काहीही नको. नंतर ते पेट्रोल परत कशातही भरायचं नाही.

माझ्या मशीनचं पुढे काय केलं ते सांगतो. सगळं जुनं पेट्रोल काढलं (ते विहिरीच्या बाजूला किंवा गटारात ओतू नका, गॅरेजवाले पार्ट धुवायला घेतात), टाकी थोड्या ताज्या पेट्रोलने दोनदा विसळली, मग नवं मिश्रण भरलं, माझ्या मशीनला ४०:१ लागतं म्हणजे लिटरला २५ मिली ऑइल, तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत असेल तेच घ्या. कार्बोरेटरजवळ जो रबरी फुगा असतो तो दाबत राहिलो, नळीतून जुनं फिकट पाणी जाऊन हिरवं पेट्रोल दिसेपर्यंत. प्लग काढून पुसला, परत बसवला. सहाव्या ओढीला फटफट झाली, आठव्याला चालू. पहिले दोन मिनिटं ढीगभर धूर, मग एकदम स्वच्छ आवाज. कार्बोरेटर तोच आहे अजून.

दरवेळी इतक्यावर भागेल असं नाही. पेट्रोल सुकताना तपकिरी चिकट डिंक सोडतं, आणि कार्बोरेटरमधली भोकं केसासारखी बारीक असतात, ती बुजली की उघडून साफ करण्याला पर्याय नाही. आत पातळ पडदे असतात, जे फडफडून पंपाचं काम करतात, ते ताठ झाले असतील तर बदलावे लागतात, पडद्यांचा सेट वेगळा मिळतो, त्यासाठी सगळा कार्बोरेटर नको.

मशीन चालू झालं तो आवाज ऐकून शेजारचे तात्या आपलं मशीन खांद्यावर घेऊन हजर. "माझां मशीन पण बघ मरे जरा, वढून वढून हात दुखाक लागले." त्यांचंही पेट्रोल बाटलीत काढलं, पण एकच थर, स्वच्छ, वासही ताजा. पंधरा दिवसांपूर्वीच भरलेलं म्हणे. मग प्लग काढला. पेट्रोल ठीक असेल तर पुढचा सगळा निकाल प्लगवर लागतो, इतक्यांदा ओढून प्लग कोरडा असेल तर पेट्रोल वर येतच नाहीये, आणि ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये. तात्यांचा चिंब ओला होता.

अशा वेळी आधी आतलं पेट्रोल बाहेर घालवायचं, स्विच बंद, चोक उघडा, प्लग काढलेलाच ठेवून सात-आठ वेळा दोरी ओढायची. मग वाफ उडून गेल्यावर, टाकीचं झाकण घट्ट लावून, प्लग त्याच्या वायरच्या टोपीत घालून त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवायची, प्लगच्या भोकापासून लांब, स्विच चालू करायचा आणि सावलीत दोरी ओढून ठिणगी बघायची. या मशीनला बॅटरी नसते. फ्लायव्हीलमधे, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकात, चुंबक असतो, तो कॉइलसमोरून (तारेच्या वेटोळ्यासमोरून) झपकन जातो आणि त्या क्षणी वीज तयार होते, १८३१ मधे फॅरेडेने दाखवलेलं तत्त्व तेच हे. चुंबक जितका जोरात जाईल तितका विजेचा दाब जास्त, आणि प्लगच्या ०.६ मिलीमीटरच्या फटीतून, तेही आतली हवा दाबलेली असताना, ठिणगी उडवायला हजारो व्होल्ट लागतात. त्यामुळे दोरी हळूहळू ओढून काही उपयोग नाही, आधी थोडी ओढून जड लागेल तिथपर्यंत आणायची आणि मग एकाच झटक्यात लांब.

तात्यांच्या प्लगला ठिणगी नव्हती, माझा प्लग लावला तरी नव्हती. कॉइल गेली म्हणून सोडणार होतो, तेवढ्यात हँडलजवळ रेसच्या केबलबरोबर जाणारी काळी वायर दिसली. ही बंद करायच्या स्विचची वायर, तिचं काम एवढंच की कॉइलची वीज प्लगकडे न जाऊ देता बॉडीत उतरवायची. क्लॅम्पखाली घासून घासून तिचं कव्हर गेलं होतं आणि आतली तांब्याची तार पाइपला टेकली होती, म्हणजे स्विच कुठेही असो, मशीनला कायम बंदचाच हुकूम. तारेवर दोन वेढे टेप मारले, क्लॅम्प थोडा सरकवला, प्लग पुसून बसवला. तिसऱ्या ओढीला चालू झालं. तात्यांनी पट्टा खांद्याला लावला आणि तसेच खालच्या बागेत उतरले, जाताना एवढंच विचारलं की ती टेप पावसात टिकेल ना.