प्रवासी सामानबांधणी

प्रवासाला लागणाऱ्या वस्तू निवडून त्या ठरावीक मापाच्या आणि वजनाच्या बॅगेत रचण्याचे काम. रोजच्या बोलण्यात ‘बॅग भरणे’. ‘बांधाबांध’ हा शब्द वळकटी-गाठोड्याच्या काळातला. दोरी गेली तरी तो टिकून आहे. या कामात जागा, वजन आणि हवी ती वस्तू चटकन हाती लागणे अशा तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक साधताना दुसरी बिघडते. प्रचलित सल्ले मात्र बहुधा एकट्या जागेभोवती फिरतात.

मर्यादित वजनात जास्तीत जास्त उपयोगाच्या वस्तू कोणत्या निवडायच्या, हा गणितातला प्रसिद्ध प्रश्न आहे. संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या २१ अवघड प्रश्नांत त्याचा समावेश होता. रचण्याचा प्रश्नही तितकाच चिवट. पण त्यात मोठी वस्तू आधी बसवण्याची साधी रीत बऱ्यापैकी चांगले उत्तर देते. म्हणून बूट प्रथम जातात. दोन्ही बूट पिशवीत घालून एकाची टाच दुसऱ्याच्या चवड्याशी येईल असे उलटसुलट ठेवतात आणि आतल्या पोकळीत मोजे किंवा चार्जर सारतात. बूट प्रवासातच पायात घातले, तर हा खटाटोपही वाचतो.

कपड्यांची घडी की गुंडाळी, हा वाद जुना आहे. कापड दोन्हीकडे तेवढेच. कमी होते ती थरांमधली हवा. टी-शर्ट आणि विणलेले कपडे घट्ट गुंडाळले की हवा निघते आणि ठळक घडी पडत नाही. मात्र सारख्या जाडीची नळकांडी कितीही दाटून लावली तरी सुमारे ९ टक्के जागा मोकळी राहते. कापड दबते म्हणून प्रत्यक्षात हे नुकसान कमी. कडक कॉलरचा शर्ट गुंडाळू नये, त्याची घडीच बरी. हवा काढून घेणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या जाड लोकरी कपड्यांना उपयोगी पडतात, पण त्या वजन एका ग्रॅमनेही कमी करत नाहीत. उलट मोकळी झालेली जागा आणखी सामान बोलावते आणि बॅग काट्यावर अडकते.

चाकांच्या बॅगेचे अमेरिकी पेटंट बर्नार्ड सॅडो यांना १९७२ मध्ये मिळाले. दोन चाकांवर उभी ओढायची, लांब दांड्याची बॅग १९८७ मध्ये वैमानिक रॉबर्ट प्लाथ यांनी तयार केली. अशा बॅगेत जड वस्तू चाकांच्या बाजूला ठेवतात, नाहीतर उभी करताच ती कलंडते. पाठीवरच्या सॅकचा नियम वेगळा: जड सामान तळाशी न ठेवता पाठीला लागून, मधल्या उंचीवर ठेवले की खांद्यांवर ओढ कमी येते.

विमान प्रवासात अनेक कंपन्या केबिनमध्ये ७ किलो आणि खाली जाणाऱ्या एका बॅगेत २३ किलोपर्यंत सामान नेऊ देतात. केबिनमधल्या द्रवांवर १०० मिलीची मर्यादा २००६ पासून रूढ झाली. नव्या स्कॅनरमुळे काही विमानतळांवर ती सैल झाली आहे. पॉवर बँक केबिनमध्येच न्यावी लागते आणि साधारणपणे १०० वॉट-तासांपर्यंत (वॉट-तास म्हणजे साठवलेल्या ऊर्जेचे माप) वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची बँक ३.७ व्होल्टला ७४ वॉट-तासांची भरते. उड्डाणात केबिनमधला दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांशापर्यंत उतरतो, त्यामुळे अर्ध्या भरलेल्या शांपूच्या बाटलीतली हवा फुगून झाकणातून द्रव बाहेर ढकलते. मऊ बाटली दाबून, हवा काढून मगच झाकण लावणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय.

औषधे, कागदपत्रे आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत असावेत. बाकीची बॅग हरवली तरी दिवस निभावतो. पहिल्या मुक्कामी लागणारे कपडे सर्वांत वर ठेवावेत, हे उघड असूनही हमखास विसरले जाते.

परतीला काहीही न विकत घेता बॅगेची चेन लागेनाशी होते. मळके कपडे घडी न घालता कोंबलेले असतात, त्यांच्यातली हवा परत आलेली असते आणि ओला टॉवेल वजनही वाढवतो. जाताना पाचवा हिस्सा रिकामा सोडणारे म्हणूनच परतताना बॅगेवर बसत नाहीत.