प्रकाशगतिक जंतुनाशन

प्रकाशगतिक जंतुनाशन : प्रकाशसंवेदी रंगद्रव्य, दृश्य प्रकाश व ऑक्सिजन यांच्या संयुक्त क्रियेने त्वचेतील वा जखमेतील सूक्ष्मजंतू मारण्याची पद्धत. रंगद्रव्याने शोषलेली ऊर्जा ऑक्सिजनला मिळून त्याचे अतिक्रियाशील रूप तयार होते. हे रूप क्षणार्धात नाहीसे होते, परंतु तेवढ्यात जंतूचे पटल, प्रथिने व डीएनए यांवर एकदमच घाव घालते. त्यामुळे मेथिसिलीन या प्रतिजैविकाला दाद न देणारे पुंजगोलाणू (स्टॅफिलोकॉकस जंतू) ही मरतात आणि प्रतिरोध सहजासहजी निर्माण होत नाही.

या उपचाराचे मूळ बावचीत शोधण्याचा प्रघात आहे. मराठवाड्यात बांधाबांधाने उगवणाऱ्या या वनस्पतीच्या काळपट, चिकट, उग्र वासाच्या बिया कोडावर लावून अंग उन्हात धरतात. अथर्ववेदात किलासावर (कोडासारख्या त्वचारोगावर) सांगितलेली ‘असिक्नी’ म्हणजे बावचीच, असे काही अभ्यासक मानतात. परंतु त्या सूक्तात उन्हाचा उल्लेख नाही. चरकसंहितेत मात्र श्वित्राच्या (कोडाच्या) रोग्याला मलपूचा रस गुळासह पाजून यथाशक्ती उन्हात बसवावे, असे स्पष्ट सांगितले आहे. मलपू म्हणजे बहुधा काकोदुंबर हे उंबराच्या जातीचे झाड. तरीही बावचीतील सोरालेन हे रसायन अतिनील किरणांत थेट डीएनएशी बद्ध होते आणि त्या क्रियेला ऑक्सिजन अनिवार्य नसतो. म्हणून ही परंपरा प्रस्तुत पद्धतीची पूर्वज नसून चुलत शाखा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रकाशगतिक क्रियेची नोंद ऑस्कर राब यांनी म्यूनिक येथे अॅक्रिडीन हे रंगद्रव्य व पॅरामिशियम हा एकपेशीय जीव यांवरील प्रयोगांत केली (1900). त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी नील्स फिन्सेन यांना 1903 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे श्रेय पूर्वी अतिनील किरणांना दिले जाई, परंतु फिन्सेन यांची भिंगे ते किरण बरेचसे अडवीत असल्याने जंतूंमधील पॉर्फिरिने ही प्रकाशसंवेदी द्रव्ये व निळा प्रकाश हे कारण आता अधिक संभवनीय मानले जाते.

मिथिलीन ब्लू या रंगद्रव्याचा बोळा व्रणावर ठेवतात, काही मिनिटे थांबतात आणि मग सुमारे 660 नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश सोडतात. ग्रॅम-ऋण जंतूंचे (ग्रॅम रंजनात जांभळा रंग टिकवून न धरणाऱ्या जंतूंचे) बाह्य पटल अनेक रंगद्रव्यांना आत येऊ देत नाही. तेथे धनभारित रंगद्रव्ये उपयोगी पडतात.

प्रकाश त्वचेत काही मिलिमीटरच शिरतो, त्यामुळे खोल गळवात शस्त्राने पू काढणे टळत नाही. सावळ्या त्वचेतील मेलॅनीन हे रंगद्रव्य प्रकाश शोषते व उपचारानंतर काळे डाग राहू शकतात. येथील रोग्यांसाठी मात्रा ठरवताना हे मुद्दाम लक्षात घ्यावे लागते. शिवाय, उपचाराच्या बहुधा अनेक बैठका लागत असल्याने टोळीबरोबर महिनोन्‌महिने गावाबाहेर राहणाऱ्या ऊसतोड मजुराला तो पुरा करणे फार कठीण जाते.