इंडिकेटरचे काळे पडलेले पॉइंट

वडिलांच्या १९९७ सालच्या गाडीचा डावा इंडिकेटर यंदाच्या पावसाळ्यात मलूल झाला. स्टिअरिंगच्या उजवीकडची दांडी वर केली की दिवा लागायचा, पण फिका, आणि टिकटिकही रेंगाळत यायची. दांडी बोटाने जरा दाबून धरली की पुन्हा सगळं नीट. वळण संपल्यावर दांडी आपोआप जागेवर यायला हवी, तेही बंद झालं होतं. 'अख्खा स्विच बदला' असा सल्ला मिळाला. पण इतक्या जुन्या गाडीचा चांगला स्विच सहज मिळत नाही, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा तो बदलावा लागतही नाही.

स्विचवर आळ घेण्याआधी हॅझर्ड, म्हणजे सगळे इंडिकेटर एकदम मिचकवणारं बटण, लावून बघावा. बहुतेक गाड्यांत हॅझर्डचा प्रवाह दांडीच्या पॉइंटमधून (एकमेकांवर टेकून प्रवाह जोडणाऱ्या धातूच्या तुकड्यांमधून) जात नाही, वेगळ्या वाटेने त्याच दिव्यांपर्यंत पोचतो. हॅझर्डवर डावे दिवे झगझगीत लागले, तर बल्ब आणि अर्थिंग ठीक आहे, दुखणं दांडीपाशी आहे. आमचे लख्ख लागले.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, स्टिअरिंगच्या नटाजवळ खूण करून चाक उतरवलं आणि स्विच टेबलावर घेतला. (एअरबॅग असलेल्या गाडीचं स्टिअरिंग घरी उघडू नये. ती बॅग स्फोटक रसायनाने फुगते.) आतला सरकता पॉइंट काजळ धरल्यासारखा काळा होता, आणि त्याच्याभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडून किंचित वितळलं होतं.

धातूचे दोन तुकडे एकमेकांवर टेकले की ते पूर्ण टेकले असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात गुळगुळीत दिसणारा पत्राही सूक्ष्मदर्शकाखाली डोंगराळ असतो, आणि दोन्ही बाजूंची फक्त काही शिखरं एकमेकांना भिडतात. किती भिडतात ते दाब आणि धातूचा कठीणपणा ठरवतो. तांब्याचा पॉइंट १०० ग्रॅम वजनाएवढ्या जोराने दाबला, तर खरी भेट होते ती चौरस मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागात! सगळा प्रवाह तेवढ्या चिमुकल्या वाटांमधून जातो. त्या वाटांवर ऑक्साइडचा किंवा गंधकामुळे येणारा काळा थर बसला की प्रवाहाची कोंडी होते. घरातले चांदीचे पैंजण ठेवल्या ठेवल्या काळे पडतात, तेच इथे चांदीचा मुलामा दिलेल्या पॉइंटचं होतं. शिवाय दिवा चालू असताना दांडी मागे घेतली की पॉइंट सुटताना बारीक ठिणगी पडते, आणि ती दर वेळी धातूचा कण जाळते.

पुढचा आणि मागचा असे २१ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर ओढतात. पॉइंटमध्ये फक्त ०.३ ओहमचा जास्तीचा रोध आला, तरी जवळपास १ व्होल्ट तिथेच खर्च होतो. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटतो, त्यामुळे एवढ्याशा घटीने सुमारे पाव उजेड जातो. दिवा मिचकवणारा भाग म्हणजे फ्लॅशर; जुन्या पद्धतीचा फ्लॅशर प्रवाहाच्या उष्णतेवर चालतो. प्रवाह कमी झाला की त्याला तापायला वेळ लागतो, म्हणून टिकटिक रेंगाळते. आणि हरवलेला व्होल्ट? तो पॉइंटवरच तीन वॅटहून जास्त उष्णता होऊन बसतो. शेंगदाण्याएवढ्या जागेत तीन वॅट म्हणजे पुष्कळ झाले. पॉइंट दाबून धरणारी पितळी पट्टी तापून तिचा ताण सैल पडतो, दाब घटतो, भिडणारी शिखरं आणखी कमी होतात आणि पट्टी आणखी तापते. प्लॅस्टिक वितळतं ते या फेऱ्यात.

इथे पॉलिश पेपर घ्यायचा मोह होतो. माझी कळकळीची विनंती आहे, घेऊ नका. चांदीचा मुलामा फार पातळ असतो. तो खरवडून निघाला की खालचं तांबं उघडं पडून भराभर काळवंडतं, आणि पेपरचे कण धातूत रुतून बसतात ते वेगळेच. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती चिंधीने पॉइंट हळूहळू पुसावा, चिंधी काळी यायची थांबेपर्यंत. मग पट्टी चिमट्याने केसभर वर उचलून दाब परत आणावा. केसभरच, कारण जास्त वाकवली तर ती मोडते. ग्रीस लावायचं ते दांडी जिथे 'खट्' करून अडकते त्या गोळीला आणि स्प्रिंगला.

दांडी जागेवर का येत नव्हती, त्याचं उत्तर तळाशी सापडलं. स्टिअरिंगबरोबर फिरणारा एक उंचवटा नायलॉनच्या नखाएवढ्या खटक्यावरून जातो. वळताना खटका नुसता बाजूला लवतो. चाक उलटं फिरलं की तो उंचवट्याला अडतो आणि दांडीला तिच्या खाचेतून ढकलून काढतो. त्यात मोटर नाही, वायर नाही. अमेरिकेत ब्युइकने १९४० च्या गाड्यांत अशी आपोआप परतणारी दांडी दिली होती. आमचा खटका टोकाला तुटला होता. उन्हात वर्षानुवर्षं तापून नायलॉन ठिसूळ होतं, आणि साध्या गोंदाला ते दाद देत नाही. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून तसाच एक मोडका स्विच आणला. त्याचे पॉइंट पार गेलेले, खटका मात्र धड होता.

सगळं बसवल्यावर मल्टिमीटरची एक तार पॉइंटच्या अलीकडे, दुसरी पलीकडे लावली. दिवा मिचकत असला की आकडा ठरत नाही, म्हणून फ्लॅशर काढून त्याच्या दोन पिना तात्पुरत्या जोडल्या. पॉइंटवर ०.०८ व्होल्ट पडत होता. ०.२ च्या आत असेल तर तक्रार नाही. फ्लॅशर परत लावून संध्याकाळी वडील गाडी घेऊन निघाले. सोसायटीच्या फाटकाशी डावीकडे वळले, चाक सरळ केलं आणि काचेतून मला ते 'खट्' ऐकू आलं.