शुश्रूषागृहांतील वृद्धांची आबाळ

शुश्रूषागृहांतील वृद्धांची आबाळ : रोजच्या गरजांसाठी इतरांवर अवलंबून असलेल्या वृद्ध रहिवाशांना अन्न, पाणी, स्वच्छता, औषधोपचार, हालचालीसाठी आधार, सुरक्षितता आणि सोबत पुरवण्याची जबाबदारी ज्या संस्थेने घेतलेली असते, तिच्याकडून या गोष्टी न मिळणे, अपुऱ्या मिळणे किंवा वेळेवर न मिळणे म्हणजे आबाळ होय. मारहाण, शिवीगाळ किंवा पैशांची लुबाडणूक हे वृद्धांवरील अत्याचाराचे प्रकार काहीतरी केल्याने घडतात, तर आबाळ न केल्याने घडते. त्यामुळे तिला सहसा साक्षीदार नसतो. पाजायचे राहून गेलेले पाणी किंवा बदलायची राहून गेलेली कूस कोणी पाहिलेली नसते. तिचा माग शरीरावर, खोलीत आणि नोंदवह्यांत उरलेल्या खुणांवरूनच काढावा लागतो.

शब्दांबाबत थोडा खुलासा आवश्यक आहे. मराठी बोलण्यात ‘नर्सिंग होम’ म्हणजे बहुधा एखाद्या डॉक्टरचे छोटे खासगी रुग्णालय, आणि ‘वृद्धाश्रम’ म्हणजे प्रामुख्याने हिंडत्याफिरत्या वृद्धांची राहण्याची सोय. येथे अभिप्रेत असलेली संस्था या दोहोंच्या मधली आहे : वृद्ध तेथे कायमचे राहतात आणि उठणे-बसणे, आंघोळ, जेवण व शौच यांसाठी त्यांना चोवीस तास माणूस लागते. ‘हयगय’ आणि ‘आबाळ’ यांतही फरक आहे. हयगय केली जाते, आबाळ होते. पहिला शब्द करणाऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा सोसणाऱ्याची अवस्था सांगतो. ओळखण्याचे काम सोसणाऱ्यापासून सुरू होत असल्याने येथे दुसरा शब्द पसंत केला आहे.

वृद्धांशी होणाऱ्या गैरवर्तनाचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकांत प्रथम १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये झाले. २००२ च्या टोरांटो जाहीरनाम्यात त्याची जी व्याख्या मान्य झाली, तिच्यात विश्वासाच्या नात्यात एखादी योग्य कृती न करणे आणि त्यातून वृद्धाला इजा किंवा दुःख होणे याचाही समावेश आहे. शिवाय आबाळ हेतुपुरस्सर असू शकते तशीच अहेतुकही असू शकते, असे त्यात म्हटले आहे. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण ‘कोणी मुद्दाम केले नाही’ हे उत्तर तक्रारदारांना सर्रास ऐकवले जाते, आणि या व्याख्येनुसार ते उत्तर ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने एकत्रित केलेल्या पाहण्यांनुसार, अशा संस्थांतील दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी वर्षभरात वृद्धांशी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे गैरवर्तन केल्याचे स्वतःच मान्य केले आहे. त्यात आबाळीचाही समावेश होतो.

आबाळीची सर्वांत बोलकी शारीरिक खूण म्हणजे शय्याव्रण, अर्थात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला होणाऱ्या जखमा. हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा सतत दाबली गेली की तेथील रक्तपुरवठा थांबतो आणि ऊती मरू लागतात. दुर्बल शरीरात अवघ्या काही तासांत याची सुरुवात होऊ शकते. माकडहाड, नितंबांच्या बाजूची हाडे, टाचा, घोटे, कोपरे आणि एका कुशीवर सतत झोपणाऱ्यांच्या बाबतीत कानाची पाळी या तिच्या जागा होत. पहिल्या टप्प्यात त्वचा अखंड असते, मात्र बोटाने दाबून सोडल्यावर लाली फिकी पडत नाही. सावळ्या त्वचेवर ही लाली बरेचदा दिसत नाही. तेथे आजूबाजूच्या भागाच्या तुलनेत ती जागा अधिक गरम, थंड, टणक किंवा लिबलिबीत लागते का, हे हाताने चाचपावे लागते. दुसऱ्या टप्प्यात वरची त्वचा सोलवटते किंवा फोड येतो, तिसऱ्यात जखम त्वचेखालील चरबीपर्यंत जाते आणि चौथ्यात स्नायू किंवा हाड उघडे पडते. चौथ्या टप्प्याची जखम पहिल्यांदाच ‘आज दिसली’ असे सांगितले गेले, तर आधीच्या दिवसांत त्या माणसाला कुशीवर वळवून, अंग पुसून, पाठ पाहणारे कोणी होते का, असा प्रश्न विचारणे रास्त ठरते.

तरीही प्रत्येक शय्याव्रण आबाळीमुळेच होतो असे नाही. मृत्यू जवळ आलेल्या व्यक्तीची त्वचा इतर अवयवांप्रमाणेच निकामी होऊ लागते, आणि उत्तम शुश्रूषेतही कधी कधी जखम टळत नाही. म्हणून निर्णय जखमेवरून न करता तिच्या आधी आणि नंतर काय झाले यावरून करावा लागतो. शय्याव्रण होण्याचा धोका मोजणारी ब्रेडन मोजपट्टी संवेदना, ओलावा, हालचाल, चलनवलन, पोषण आणि घर्षण या सहा बाबींना गुण देते. एकूण गुण ६ ते २३ असतात आणि गुण जितके कमी तितका धोका अधिक. सर्वसाधारणपणे १८ किंवा त्याहून कमी गुण हा इशारा समजतात. धोका आधी मोजला होता का, कूस बदलण्याचे वेळापत्रक ठरले होते का, दाब कमी करणारी गादी दिली होती का, पहिली लाली दिसताच डॉक्टरांना कळवले का : या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर ती जखम दुर्दैव असू शकते, नकारार्थी असतील तर ती आबाळ असते.

पाण्याची कमतरता शय्याव्रणापेक्षा अधिक वेगाने जीव घेते, पण ती कमी ठळकपणे दिसते. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, आणि शौचाला नेणारे कोणी लवकर येणार नाही या भीतीने पुष्कळ वृद्ध स्वतःहूनच पाणी टाळतात. कोरडी, भेगाळलेली जीभ, खोल गेलेले डोळे, गडद व कमी लघवी, बद्धकोष्ठता, उभे राहताच येणारी घेरी आणि अचानक वाढलेला गोंधळ ही लक्षणे एकत्र दिसल्यास संशय घ्यावा. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून पाहण्याची परिचित चाचणी वृद्धांमध्ये फारशी भरवशाची नसते, कारण वयामुळे ती कातडी तशीही सैल झालेली असते. खोलीतील दृश्य बरेचदा अधिक सांगून जाते : टेबलावर काठोकाठ भरलेला पेला असतो, त्यावर धुळीची पातळ साय धरलेली असते, आणि पलंगावरच्या माणसाचा हात तिथवर वीतभर कमी पडतो. पाणी ‘दिले’ अशी नोंद त्या दिवशीही झालेली असते.

अन्नाचेही तसेच आहे. महिन्याभरात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटणे हे लक्षणीय मानले जाते. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीचे महिन्याभरात ३ किलो उतरले, तर त्याचे कारण शोधले गेलेच पाहिजे. वजनाचा तक्ता मागणे हा म्हणूनच नातेवाइकांना करता येण्याजोगा सर्वांत साधा तपास आहे. सैल झालेली अंगठी, कमरेवरून घसरणारे कपडे आणि हिरड्यांवर न बसणारी कवळी त्याच गोष्टीकडे निर्देश करतात. ताट परत जाते, पण ते भूक नसल्याने गेले, गिळता येत नसल्याने गेले, की भरवायला कोणी बसलेच नाही म्हणून गेले, हे ताटावरून कळत नाही. जेवणाच्या वेळी भेटीला जाणे त्यासाठीच उपयोगाचे ठरते.

अस्वच्छता नाकाला आणि डोळ्यांना लगेच जाणवते, तरी तिच्यात भेद करावा लागतो. नुकताच डायपर खराब झाला असेल तर वास येणारच. चादरीवर वाळलेल्या लघवीची पिवळी कडा, एकावर एक दोन डायपर, जांघेतील लालभडक सोलवटलेली त्वचा, मांसात रुतलेली पायाची नखे आणि दाट थर साचलेले दात ही दिवसांची किंवा आठवड्यांची साठवण असते. तोंडाची स्वच्छता सर्वांत आधी वगळली जाते, कारण ती पाहुण्यांना दिसत नाही. परंतु तोंडातील जंतू श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होण्याचा धोका त्यामुळे वाढतो. चश्मा, श्रवणयंत्र किंवा कवळी आठवडेच्या आठवडे कपाटात पडून राहणे हीदेखील आबाळच आहे; अशा माणसाला न दिसण्या-ऐकण्याची शिक्षा दिली जाते आणि मग तो ‘भ्रमिष्ट’ ठरतो.

औषधांबाबतची आबाळ दोन उलट दिशांनी होते. एकीकडे मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा वेदनाशामक मात्रा चुकतात. दुसरीकडे देखभालीचे काम सोपे व्हावे म्हणून गुंगी आणणारी औषधे दिली जातात. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये मनोविकारविरोधी औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ मध्ये नव्या आणि २००८ मध्ये जुन्या गटातील औषधांबाबत दिला. त्याच देशाच्या १९८७ च्या शुश्रूषागृह सुधारणा कायद्याने केवळ सोयीसाठी बांधून ठेवण्यापासून, मग ते पट्ट्यांनी असो वा औषधांनी, रहिवाशांना संरक्षण दिले आहे. दर भेटीत भर दुपारी पेंगत असलेला आणि पूर्वी बोलका असलेला माणूस दिसला, तर औषधांची यादी डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.

मनावरच्या खुणा वाचणे सर्वांत नाजूक. गप्प होणे, भेटीची वाट न पाहणे, विशिष्ट कर्मचारी आत येताच अंग आखडणे, पुन्हा पुन्हा माफी मागणे हे एकटेपणाचे, नैराश्याचे किंवा भीतीचे लक्षण असू शकते, तसेच आजाराचेही असू शकते. स्वतः रहिवासी क्वचितच तक्रार करतो. ज्यांच्या हातून रात्री पाणी प्यायचे आहे त्यांना दुखवायचे कसे, आणि मुलांना आणखी त्रास कशाला, या दोन विचारांत बहुतेक तक्रारी विरतात. म्हणून एकांतात आणि नेमके विचारावे. ‘सगळे ठीक आहे ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर ठरलेले असते. ‘काल रात्री तहान लागली तेव्हा काय केलेत?’ किंवा ‘घंटा वाजवल्यावर कोण आले?’ असे विचारल्यास माणूस आठवून सांगतो.

कागदपत्रे मदत करतात, मात्र ती जशीच्या तशी खरी मानू नयेत. कूस बदलण्याच्या तक्त्यावर दुपारी चार वाजताच सहा वाजेपर्यंतच्या सह्या झालेल्या असणे, आठवडाभराच्या सर्व नोंदी एकाच शाईत आणि एकाच वळणात असणे, किंवा रुग्णालयात दाखल असलेल्या रहिवाशाने त्या दिवशी ‘पूर्ण जेवण घेतले’ असे लिहिलेले असणे, हे आबाळ झाकली जात असल्याचे पुरावे होत. सुबक तक्ता पाहून निश्चिंत होणारे नातेवाईक पुष्कळ असतात.

आबाळीचे मूळ बहुतेकदा एखाद्या निर्दय परिचारिकेत नसून मनुष्यबळाच्या हिशेबात असते. रात्रपाळीला एकाच व्यक्तीच्या वाट्याला तीस-चाळीस पलंग आले, तर प्रत्येकाला दर दोन तासांनी वळवणे अंकगणितानेच अशक्य होते. कर्मचारी वारंवार बदलणे, प्रशिक्षण नसणे, कमी वेतन आणि बाहेरच्या माणसांची ये-जा नसणे या बाबी त्यात भर घालतात. २०२० मध्ये कोविडच्या साथीत अनेक देशांनी भेटी बंद केल्या तेव्हा शेवटच्या बाबीचे महत्त्व उघड झाले. त्या मार्चमध्ये स्पेनमध्ये निर्जंतुकीकरणासाठी गेलेल्या सैनिकांना काही वृद्धगृहांत रहिवासी वाऱ्यावर सोडलेले, तर काही जण पलंगावरच मृतावस्थेत आढळल्याचे तेथील संरक्षणमंत्र्यांनी जाहीर केले होते. मूळ व्यवस्थेत आहे म्हणून आबाळ क्षम्य ठरत नाही. फक्त जबाबदारी पाळीवरच्या आयाऐवजी पाळ्या ठरवणाऱ्याकडे जाते.

संशय आल्यास भेटीच्या वेळा बदलत्या ठेवाव्यात, दिसलेली गोष्ट तारीख-वेळेसह लिहून ठेवावी आणि रहिवाशाच्या संमतीने जखमेचे छायाचित्र घ्यावे. प्रथम प्रमुख परिचारिकेला आणि नंतर व्यवस्थापनाला लेखी विचारणा करावी. समाधान न झाल्यास परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे जावे. बाहेरच्या डॉक्टरकडून तपासणी करून घेतल्यास आजाराचा नैसर्गिक उतार आणि आबाळ यांत फरक करणे सोपे जाते. अचानक शुद्ध हरपणे, ताप आणि दुर्गंधीयुक्त किंवा काळी पडलेली जखम, बारा तास लघवी न होणे, किंवा पडल्यानंतर पाय न हलवता येणे, अशा स्थितीत मात्र विचारणा आणि नोंदी मागे ठेवून आधी रुग्णालय गाठावे.