शाळेतली रात्र आणि कॅम्पातली वीस वर्षं

आमच्याकडे मुंबईत दोन्हींना एकच शब्द आहे: कॅम्प. मिठी नदीचं पाणी वाढलं म्हणून पालिकेच्या शाळेत नेलं, तरी ‘कॅम्पात टाकलं’. चाळ पडायला आली म्हणून म्हाडाने प्रतीक्षानगरात गाळा दिला, तरी ‘कॅम्पात टाकलं’. सरकारी कागदावर पहिला असतो ‘तात्पुरता निवारा’, दुसरं ‘संक्रमण शिबिर’. निवारा पाणी ओसरेपर्यंतचा. शिबिराचं काय सांगावं! माझी मावशी दोन-तीन वर्षांसाठी म्हणून गाळ्यात गेली आणि तिच्या मुलीचं लग्न तिथूनच झालं. पत्रिकेवर पत्ता छापला, ‘संक्रमण शिबिर’. व्याह्यांनी विचारलं, कसलं शिबिर? योगाचं का?

निवाऱ्याचा कारभार तसा साधा. पावसाळ्याआधी पालिकेची विभाग कार्यालयं आपापल्या हद्दीतल्या काही शाळा त्यासाठी ठरवून ठेवतात. १९ ऑगस्ट २०२५ ला मिठीची पातळी ३.९ मीटरवर गेली तेव्हा कुर्ल्याच्या क्रांतीनगरातल्या तीनशेहून अधिक लोकांना असंच पालिकेच्या शाळेत हलवलं होतं. अशा वर्गातलं चित्र ठरलेलं असतं: बाकं भिंतीला सारलेली, फळ्यावर आदल्या दिवशीची तारीख आणि पटसंख्या, त्याखाली सतरंजीवर टेकलेली म्हातारी माणसं, आणि बाहेरच्या व्हरांड्यात खिचडीचं पातेलं कधी येतं याकडे डोळे लावून बसलेली पोरं. ही उपकाराची खिचडी नव्हे बरं का. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम १२ नुसार मदत छावणीत निवारा, अन्न, पिण्याचं पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता किमान कशी असावी हे राष्ट्रीय प्राधिकरणाने ठरवून द्यायचं असतं. तिथे भाडेकरू कोण, मालक कोण, झोपडी अधिकृत की अनधिकृत, हा प्रश्न येत नाही. नाव लिहून घेतात ते ताटं मोजायला आणि कोण राहिलं, कोण आलं ते कळायला.

शिबिरात मात्र सगळा खेळ कागदाचा.

ते चालवतं म्हाडाचं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ, आणि ते मुख्यतः उपकरप्राप्त इमारतींसाठी. म्हणजे मुंबई शहरातल्या, ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या, भाडेकरूंच्या जुन्या इमारती. घोळ इथूनच सुरू होतो. हा उपकर, म्हणजे दुरुस्तीसाठीचा जादा कर, मालमत्ता करासोबत पालिकाच वसूल करते, त्यामुळे गिरगावातल्या माणसाला वाटतं, घराचंही पालिकाच बघणार. मग तो विभाग कार्यालयाच्या चार फेऱ्या मारतो आणि पाचव्या फेरीला कळतं की आपली खिडकी वांद्र्याला, म्हाडा भवनात आहे.

मंडळ दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. २०२५ च्या यादीत ९६ होत्या. नोटीस येते, पात्रता तपासली जाते, गाळा मिळतो, जुन्या शिबिरांत बहुधा १८० किंवा २२५ चौरस फुटांचा. पोरांची शाळा ठाकूरद्वारला आणि गाळा मागाठाण्यात किंवा विक्रोळीच्या कन्नमवारनगरात, हे नेहमीचंच. तरी तुमचा मूळ जागेवरचा हक्क जात नाही, कागदोपत्री तर नाहीच. इमारत पुन्हा उभी राहिली की तिथे घर. जागा अरुंद आहे, आरक्षण आहे, अशा कारणाने ती उभीच राहू शकत नसेल, तर बृहतसूचीत, म्हणजे अशा लोकांच्या म्हाडाच्या यादीत, नाव लावायचं आणि दुसरीकडे घर मिळायची वाट पाहायची. हे ‘उभी राहिली की’ किती वर्षांचं असतं, ते मावशीला विचारा.

या दुसऱ्या कॅम्पाची बदनामी पहिल्याला चिकटलीय, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. नाल्याकाठच्या वस्तीत पाणी गुडघ्याला लागलेलं असतं, भोंग्यावरून ओरडून सांगत असतात, आणि एखादे काका दारात ठाम बसून राहतात: ‘एकदा बाहेर काढलं की परत येऊ देत नाहीत.’ काका, ते गाळेवाल्यांचं दुःख आहे. शाळेत गेल्याने तुमच्या खोलीवरचा हक्क कमी होत नाही. गॅस बंद करा, मेन स्विच पाडा, औषधं आणि आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, कुलूप लावा आणि चला.

चाळीत नेमकं उलटं होतं. चार महिने दिवा स्टेशनजवळच्या भावाकडे राहू, पावसाळा संपला की परत येऊ, असा हिशेब मांडून लोक नोटीस गादीखाली सारतात. १६ जुलै २०२० ला फोर्टची भानुशाली इमारत कोसळून १० जण गेले, ती उपकरप्राप्तच होती. भावाकडे जा, हरकत नाही, पण जाण्याआधी मंडळाकडे नोंद करा, पोच घ्या. भाडेपावत्या, जुनी वीजबिलं, मतदार यादीतलं नाव, पागडी आजोबांच्या नावावर असेल तर वारसाचे कागद, हे सगळं आधी बाहेर. इमारत पडल्यावर ढिगाऱ्यातून पावती शोधून देणारं कुणी नसतं.

आणि दोन्हीत न बसणारेही पुष्कळ आहेत. घाटकोपर, मुलुंड, विलेपार्ले इथली जुनी खासगी इमारत उपकरप्राप्त नसते. तिला पालिका सी-१, म्हणजे अतिधोकादायक, ठरवते, महापालिका कायद्याच्या कलम ३५४ ची नोटीस लावते, पुढे पाणी-वीज तोडते. मंडळाचा गाळा अशा इमारतीला मिळत नाही. शाळेतली सोयही मुक्काम ठोकायला नसते. या लोकांनी एकच हट्ट धरावा: इमारत पाडण्याआधी पालिकेकडून आपल्या खोलीचं क्षेत्रफळ मोजून घ्यायचं आणि भाडेकरूंच्या यादीत आपलं नाव आहे ना, ते बघायचं. आपल्याकडेही टेप असू द्या. पोटमाळा, गॅलरी, मोरी, सगळं पालिकेच्या माणसांसमोर मोजा आणि मोजमापाच्या कागदावर सही झाल्याशिवाय त्यांना जिना उतरू देऊ नका.