कार्ड, कॉल लेटर आणि झेरॉक्सचं दुकान: आपल्या भागात नोकरीची खबर पोचायची कशी

आमच्या घरी बाबांच्या लोखंडी पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक कार्ड आहे, एम्प्लॉयमेंटचं, म्हणजे नोकरीसाठी नाव नोंदवायच्या सरकारी ऑफिसचं. घडीवर फाटलेलं, चिकटपट्टी लावलेलं, मागच्या बाजूनं रिन्यूचे शिक्के एकावर एक, काही निळे काही जांभळे. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून यवतमाळला जायचं म्हणजे तेव्हा अख्खा दिवस जायचा, सकाळची पहिली एसटी, मधे लाईन, लाईनीत उभं राहून फक्त एक शिक्का, आणि संध्याकाळच्या शेवटच्या गाडीनं वापस. असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. कॉल आला एकदाच, आणि पोस्टमननं पाकीट हातात दिलं तेव्हा इंटरव्ह्यूची तारीख उलटून चार दिवस झाले होते. बाबा अजूनही सांगतात, "लेटर खरं होतं बाप्पा, साह्यबाची सही होती त्याच्यावर." जसं काही कोणी ते खोटं म्हणून राहिलं होतं.

विदर्भात नोकऱ्या नाहीत हे सगळेच बोलतात आणि ते काही चूक नाही. पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे जो कोणी विचारत नाही, की जी काही जागा निघते, जो काही कोर्स असतो, जी काही स्कॉलरशिप असते, तिची खबर गावात कोणाच्या हातून येते आणि किती उशिरा येते. ते बघायला लागलं की शंभर वर्षं मागं जावं लागते.

आमच्या भागात बाहेरचा रस्ता आधी कापसाला मिळाला, माणसांना नंतर. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटरची नॅरो गेज, आपली शकुंतला, कारंजा दारव्हा करत जायची, ती इंग्रज कंपनीनं टाकली ती वऱ्हाडातला कापूस मेन लाईनीवर नेऊन पुढे मुंबईला पाठवायला. गावातल्या पोराला शिकायला अमरावतीला जाता यावं म्हणून नाही टाकली कोणी. पण तिच्यात बसून पोरं गेली, पत्र्याची पेटी आणि भाकरीचं फडकं घेऊन.

आणि गेल्यावर राहायचं कुठं? इथून खरी गोष्ट सुरू होते माझ्या मते. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख स्वतः शेतकऱ्याच्या घरातून इंग्लंडपर्यंत शिकून आले, आणि परत येऊन त्यांनी पहिल्यांदा हात घातला तो वसतिगृहाला. अमरावतीचं श्रद्धानंद छात्रालय, सगळ्या जातीच्या पोरांसाठी, १९२०च्या दशकातलं. श्री शिवाजी शिक्षण संस्था १९३२ ची, म्हणजे नंतरची. हा क्रम लोक विसरतात. आधी खोली आणि जेवण, मग कॉलेज. कारण खेड्यातल्या पोराची अडचण फक्त फी नव्हती, शहरात त्याला ओळखणारं कोणीच नव्हतं. वसतिगृहात वरच्या वर्गातला पोट्टा खालच्याला सांगायचा की कोणता फॉर्म कधी निघते, कोणत्या साहेबाला भेटायचं, कोणती परीक्षा द्यायची. सुट्टीत तो गावी गेला की तिथं पाराजवळ सांगायचा. एका गावातून एक पोरगा गेला की पुढच्या पाच वर्षात त्याच गावाचे चारपाच जण तिथंच दिसायचे, आणि बाजूच्या गावचं एकही नाही! खबर अशी माणसाच्या मागं मागं चालायची.

त्याच काळात वर्ध्याला बरोबर उलटा विचार चालू होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये तिथं शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी नई तालीम मांडली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. सात वर्षांचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि एखाद्या हस्तउद्योगाच्या आधारानं, म्हणजे पोरानं गाव सोडायची गरजच पडू नये. कागदावर मला हे आजही पटते. पण ज्या बापानं उन्हात कापूस वेचला त्याला पोराच्या हातात टकळी नाही, पेन पाहिजे होता. त्याला पोरगा बाबू पाहिजे होता ऑफिसात. कोण चुकलं यावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर अजून भांडणं होतात.

आता ते कार्ड. ही एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची भानगड मुळात आपल्यासाठी नव्हतीच. १९४५ मध्ये दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा फौजेतून मोकळे होणाऱ्या जवानांना कामाला लावायला ही ऑफिसं निघाली, १९४८ मध्ये ती सगळ्यांना उघडी झाली. पुढं १ नोव्हेंबर १९५६ ला ती चालवायचं काम केंद्राकडून राज्यांकडे आलं. तारीख बघा, त्याच दिवशी विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. म्हणजे नाव नोंदवायची खिडकी राज्याची झाली आणि राज्याची राजधानी त्याच दिवशी नागपूरहून उचलून मुंबईला गेली. पुढचा योगायोग तर अजून भारी आहे. रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवणं सक्तीचं करणारा कायदा १९५९ चा, तो लागू झाला १ मे १९६०, महाराष्ट्र दिन!

हा कायदा मी एकदा बसून वाचला (झोप येते, पण वाचला). त्यात दोन गोष्टी आहेत ज्या बाबांना लाईनीत कोणीच सांगितल्या नाहीत. एक, सरकारी ऑफिसं आणि २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी कंपन्यांनी जागा कळवायची सक्ती होती, पण कार्डवाल्यालाच घ्यायची सक्ती नव्हती. कळवलं, काम संपलं. दुसरी, खाजगी शेतीतलं काम यातून वगळलेलं, घरकाम वगळलेलं, तीन महिन्यांच्या आतलं काम वगळलेलं, ऑफिसातलं अकुशल कामही वगळलेलं. आता आमच्या गावात दुसरं असते काय? म्हणजे जे काम गावात होतं ते त्या यादीत येतच नव्हतं, आणि जे यादीत यायचं ते यवतमाळ नागपूर मुंबईत.

विदर्भ धरून एकच मराठी राज्य करायचं म्हणून नेत्यांनी केलेला नागपूर करार २८ सप्टेंबर १९५३ चा. त्यात सरकारी नोकरीत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, तांत्रिक शिक्षणाच्या सोयी, हे बोलून झालं होतं. मग राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्ये तंत्रशिक्षण, व्यावसायिक प्रशिक्षण आणि राज्याच्या नोकऱ्यांत पुरेशी संधी असं स्पष्ट लिहिलं गेलं, १९५६ मध्ये. त्यासाठीचं विकास मंडळ प्रत्यक्षात आलं १९९४ ला, म्हणजे ३८ वर्षांनी, आणि त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मधे १९८४ मध्ये दांडेकर समितीनं अनुशेष, म्हणजे विकासात मागं पडल्याची तूट, मोजून दिला, तेव्हापासून अनुशेष हा शब्द आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. अनुशेषावर भाषणं ऐकत मी मोठा झालो, जास्त लिहीत नाही.

एक योजना मात्र वेगळी होती. १९७२ च्या दुष्काळात उभी राहिलेली रोजगार हमी, वि. स. पागे यांच्या कल्पनेतली, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. इथं माणसानं जागेची जाहिरात शोधायची नव्हती, माणसानं काम मागायचं आणि सरकारनं ते जवळपास काढून द्यायचं. पाझर तलाव, बंडिंग, रस्त्याची गिट्टी फोडणं. पुढं २००५ मध्ये देशाचा कायदा झाला तो याच्याच पावलावर. आमची आजी हमीच्या कामावर जायची, तिला कोणाच्या कॉल लेटरची वाट पाहायची नव्हती, मुकादमाला नाव सांगितलं की झालं. पण बारावी झालेला पोट्टा हमीवर गेला की गाव हसायचं. तोही मग कार्ड घेऊन लाईनीत.

१९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की फक्त एक्स्चेंजकडून नावं मागवून भागणार नाही, जाहिरात पेपरातही द्या, बाकी उमेदवारांनाही संधी द्या. तिथून कार्डाची किंमत उतरली आणि पेपरची वाढली. आणि पेपर गावात यायचा एकच, एसटीच्या टपावरून किंवा कंडक्टरच्या हातून, हॉटेलात. सकाळी अकराला आलेला पेपर दुपारपर्यंत चिंधी व्हायचा आणि जाहिरातीचं पान कोणीतरी फाडून नेलेलं असायचं. फाडणाऱ्याला सगळे ओळखायचे, तो आता तलाठी आहे.

याच सुमारास डी.एड.चं, म्हणजे मास्तरकीच्या डिप्लोमाचं आलं. एका गावातला एक जण डी.एड. करून गुरुजी झाला, पक्की नोकरी, बुलेट, लग्नाला पोरी सांगून आल्या, एवढं पुरे होतं. जाहिरात कोणी वाचली नाही, बुलेट सगळ्यांनी बघितली. दोन हजारच्या दशकात कॉलेजं निघाली ढिगानं, लोकांनी वावर गहाण ठेवून डोनेशन दिलं, आणि हे सगळे पास होऊन बाहेर पडले तेव्हा भरती बंद, मग २०१३ पासून टीईटी, म्हणजे शिक्षकांची पात्रता परीक्षा. माझ्या मावसभावाकडे डी.एड. आहे, बी.एड. आहे, टीईटी पास आहे, आणि आता कृषी केंद्रात बियाण्याच्या बॅगा मोजतो. म्हणजे खबर पोचली, पण ती मागच्या वर्षीची. दार कधी उघडलं हे कळते, कधी बंद होणार ते कोणी सांगत नाही, कारण सांगणारा स्वतः आत गेलेला असतो.

पोलीस भरतीचं त्यातल्या त्यात बरं चाललं, कारण तिथं माहिती लपवता येत नाही. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००, गोळा, शंभर मीटर, सगळ्यांना तोंडपाठ. पहाटे चारला आमच्या डांबरी रोडवर दहाबारा जण पळताना दिसतात, मोबाईलच्या टॉर्चवर. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून मैदान सांभाळून आहे, तिथं जाऊन आलेला एखादा गावात असला की तोच सगळ्यांचा कोच, फुकटात.

कॉलेजं जवळ आली हे मान्य करावं लागते. आधी सगळं नागपूर विद्यापीठ, १९२३ चं. मग १९८३ ला अमरावती, २०११ ला गडचिरोलीला गोंडवाना. सिरोंचाच्या पोराला गडचिरोलीच दोनशे किलोमीटरच्या वर पडते, त्याला आधी मार्कशीटची एक चूक दुरुस्त करायला पार नागपूर गाठावं लागायचं, मग त्याला कॅम्पस इंटरव्ह्यू वगैरे काय सांगता. २००१ पासून एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स आला, तालुक्याच्या गावी पहिल्यांदा एसी असलेली खोली बघितली ती त्या क्लासची. २०१५ ला केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल, ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्रामपंचायतींत ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं, २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण, सहा महिने, बारावीवाल्याला महिन्याला ६,०००, आयटीआयवाल्याला ८,०००, डिग्रीवाल्याला १०,०००. नावं लक्षात ठेवता ठेवता पोरं थकतात.

हे सगळं शेवटी येऊन थांबते झेरॉक्सच्या दुकानात. बसस्टँडसमोरच्या आमच्या दुकानात काचेवर आतून जाहिरातींचे प्रिंट चिकटवलेले असतात, शेवटची तारीख लाल स्केचपेननं गोल केलेली, आणि फॉर्म भरायचे पन्नास रुपये. पासवर्ड सगळ्यांचे त्याच्याच वहीत. मागच्या आठवड्यात मी तिथं उभा होतो, एक पोरगी आली होती बापासोबत, नॉन-क्रिमीलेअर होतं, डोमिसाईल होतं, फोटो होता, सगळं होतं, आणि ओटीपी येईना. नंबर भावाचा दिलेला. भाऊ चाकणला कंपनीत, ड्युटीत, मोबाईल गेटवर जमा. दुकानदार म्हणे, "काका, सुट्टी किती वाजता होते त्याची?" काका म्हणे रात्री अकरा. शेवटची तारीख तीच होती, रात्री बारापर्यंत. दुकान बंद व्हायचं नऊला. दुकानदारानं शटर अर्धं ओढून ठेवलं आणि बापलेक आत स्टुलावर बसून राहिले. सव्वाअकराला भावाचा फोन आला, सहा आकडे सांगितले, फॉर्म गेला. फोन ठेवता ठेवता भाऊ म्हणे, आमच्या लाईनीवर दोन जागा आहेत, कॉन्ट्रॅक्टच्या, गावात कोणी असलं तर सोमवारी धाडून दे.